आठ आसांचे बळ

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांना आपण ऐकले. त्या मालिकेत मालगाडी ओढणाऱ्या विजेच्या इंजिनावर बोलण्याचे काम मराठीच्या एका अध्यापकाने अंगावर घ्यावे, याचे काहींना नवल वाटले असेल. मी अभियंता नाही. परंतु आपल्या वाचनकक्षात सकाळी वृत्तपत्रे चाळणाऱ्या मंडळींत रेल्वेच्या नोकरीत हयात घालवलेले पुष्कळ जण आहेत. त्यांच्या बोलण्यातून या विषयाची गोडी मला लागली. पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले की, आपल्या घरातील वीज, आपल्या पोटातील अन्न आणि डोक्यावरचे छप्पर ज्या कोळशावर, धान्यावर आणि सिमेंटवर अवलंबून आहे, तो माल वाहणाऱ्या यंत्राविषयी मराठीत सलग वाचावे असे फारच थोडे आहे. म्हणून हा विषय घेतला. तो साध्या भाषेत मांडण्याचा यत्न करतो.

ओझे आणि पकड

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला गेला. त्यावरील गाड्या प्रारंभी बैल ओढत असत. वाफेची इंजिने तेव्हा उपलब्ध नव्हती असे नाही. रूळ हलके होते आणि त्यांना इंजिनाचे वजन पेलवत नव्हते, ही खरी अडचण होती. पुढे अधिक वजनाचे रूळ घातले गेले आणि कालांतराने त्या मार्गावर इंजिने नियमित धावू लागली. मालवाहू इंजिनाच्या रचनेतील पहिला प्रश्न या छोट्याशा हकिकतीत सामावलेला आहे. इंजिनाला वजन हवे असते, आणि ते वजन सोसण्याची रुळाची ताकद मात्र मर्यादित असते.

इंजिनाला वजन का हवे, हे पाहू. बैल खुरांनी जमीन धरतो आणि मान पुढे टाकतो. इंजिनाचे पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर टेकलेले असते. दोहोंमधील स्पर्श हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेचा असतो. तेवढ्या जागेतील घर्षणावर सारे काही अवलंबून असते. चाकावर जितका भार अधिक तितकी पकड अधिक. रूळ कोरडा असेल तर चाकावरील भाराच्या सुमारे एक-तृतीयांश इतक्या जोराने ओढता येते. पहिल्या पावसाची सर आली, रुळावर तेलाचा ओघळ किंवा पालापाचोळ्याचा चिखल असला, की ही पकड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मग चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि गाडी हलत नाही. शक्ती कितीही असो, पकड नसेल तर ती व्यर्थ जाते.

मग पोलादावर पोलाद फिरवण्याचा हा अट्टहास कशासाठी? कारण ज्या गुळगुळीतपणामुळे पकड कमी होते, त्याच गुळगुळीतपणामुळे ओझेही हलके होते. सपाट मार्गावर मंद गतीने चाललेल्या गाडीचा एक टन माल ओढायला सुमारे दोन किलोचा जोर पुरतो. कच्च्या रस्त्यावरील बैलगाडीला याच्या कित्येक पट जोर लागतो. रेल्वेची सारी काटकसर या एका गोष्टीत आहे, आणि तिची सारी अडचणही याच एका गोष्टीत आहे.

आपल्याकडे कठीण जमीन फोडायला एका बैलजोडीने भागत नसे, तेव्हा आठबैली, बाराबैली नांगर जुंपत. एकच प्रचंड बैल शोधण्यापेक्षा जोड्या वाढवणे शहाणपणाचे होते. मालवाहू इंजिनाच्या रचनाकारानेही तेच केले. एका आसावर फार भार टाकला तर रूळ आणि पूल सोसत नाहीत. तेव्हा आस वाढवावयाचे, आणि प्रत्येक आसाला ओढण्याच्या कामास लावावयाचे.

खेकड्यापासून नवयुगापर्यंत

भारतात विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. विजेची खरी कसोटी लागणार होती ती पुढे, घाटात. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. त्या घाटासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि इंग्लंड येथील कारखान्यांतून ४१ मालवाहू इंजिने घडवून आणली. दोन्ही टोकांना लांबट बुटकी नाके आणि मधोमध उंच खोली, असा त्यांचा आकार होता. युरोपात अशा इंजिनांना मगर म्हणत. आपल्या रेल्वेतील लोकांनी त्यांचे नाव खेकडा ठेवले. शक्ती २,६०० अश्वशक्ती. यात प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटार नव्हती. मोटारीचे बळ आडव्या दांड्यांच्या साह्याने तीन-तीन चाकांच्या जोड्यांना पोचवलेले असे, आणि ते दांडे फिरताना पाहणे हा मुलांचा आवडता उद्योग होता. घाट उतरताना मोटारींकडून वीज निर्माण करून ती तारेत परत सोडण्याची सोय या खेकड्यांत होती. आज ज्या गुणाचे आपण नवे म्हणून कौतुक करतो, तो घाटाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच शिकवला होता. या मालिकेतील ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथील कारखान्यात १९६१ साली जे पहिले भारतीय विद्युत इंजिन तयार झाले, त्याला ‘लोकमान्य’ असे नाव देण्यात आले. तारेत १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह असलेल्या मुंबईकडील मार्गांसाठी ते होते. परंतु तोवर देशाने निराळी वाट धरली होती. १९५७ साली फ्रेंच रेल्वेच्या अनुभवाचा आधार घेऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारण्याचा निर्णय झाला. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी कमी प्रवाह लागतो. त्यामुळे तार बारीक चालते आणि वीजपुरवठ्याची उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. चित्तरंजनमध्ये १९६३ साली या पद्धतीचे पहिले मालवाहू इंजिन बनले आणि त्या मालिकेला डब्ल्यूएजी हे नाव मिळाले. यातील पहिले अक्षर रुंदमापी मार्ग दाखवते, दुसरे प्रत्यावर्ती प्रवाह आणि तिसरे मालवाहतूक. पुढे १९८० च्या दशकात डब्ल्यूएजी-५ आले, शक्ती ३,९०० अश्वशक्ती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी डब्ल्यूएजी-७ आले, शक्ती ५,००० अश्वशक्ती. १९९३ च्या करारानुसार एबीबी या युरोपीय कंपनीकडून डब्ल्यूएजी-९ ही ६,००० अश्वशक्तीची इंजिने आली आणि त्यांसोबत ती घडवण्याची विद्याही आली. १९९८ साली चित्तरंजनने स्वतः घडवलेले या जातीचे पहिले इंजिन बाहेर पडले. त्याचे नाव ‘नवयुग’. नाव यथार्थ होते, कारण आतील मोटारीची जातच बदलली होती.

यंत्राचे अंतरंग

आज आपण ज्या इंजिनाकडे विशेष लक्ष देणार आहोत ते डब्ल्यूएजी-१२बी. बिहारमधील मधेपुरा येथे फ्रान्सची आल्स्टॉम कंपनी आणि भारतीय रेल्वे यांच्या संयुक्त कारखान्यात ते तयार होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये अशा ८०० इंजिनांचा करार झाला. शक्ती १२,००० अश्वशक्ती, म्हणजे ९,००० किलोवॅट. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर एकमेकांना पाठ लावून उभी असलेली दोन इंजिने वाटावीत. चालकाच्या खोल्या दोन बाहेरच्या टोकांना असतात. प्रत्येक अर्धात दोन बोग्या आणि प्रत्येक बोगीत दोन आस, असे एकूण आठ आस होतात. येथे एक खुलासा करतो. आपण प्रवासी डब्याला बोगी म्हणतो; रेल्वेच्या परिभाषेत बोगी म्हणजे डब्याखालील चाकांचा फिरता सांगाडा. प्रत्येक आसाला स्वतःची मोटार आहे. आठांपैकी एकही आस नुसता ओझे वाहणारा नाही. सारेच जुंपलेले आहेत.

प्रत्येक आसावर २२.५ टन, म्हणजे एकूण वजन १८० टन. पुढे मार्ग भक्कम झाले की आसावर २५ टनांपर्यंत भार वाढवता यावा, अशी तजवीज मूळ रचनेतच ठेवलेली आहे. इंजिनाला वजन वाढवून हवे असते, ही गोष्ट मोटारगाडीवाल्यांना विचित्र वाटेल. डभोईच्या रुळांची कथा आठवली म्हणजे ती विचित्र वाटणार नाही.

आता विजेचा प्रवास पाहू. छतावरील पँटोग्राफ वरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा प्रवाह घेतो. रोहित्रात त्याचा दाब उतरवला जातो. तेथून तो एका परिवर्तकात जातो आणि दिष्ट बनतो. मग दुसरा परिवर्तक त्या दिष्ट प्रवाहापासून पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाह तयार करतो, पण यावेळी तीन कलांचा, आणि चालकाला हव्या त्या वारंवारतेचा. एकदा प्रत्यावर्ती असलेला प्रवाह दिष्ट करून पुन्हा प्रत्यावर्ती करण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे कळले की आधुनिक इंजिनाचे मर्म कळले.

जुन्या इंजिनांत दिष्ट प्रवाहाच्या मोटारी असत. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवण्यासाठी त्यांना कार्बनचे ब्रश लागत. हे ब्रश झिजत, ठिणग्या पडत, धूळ आणि दमट हवा त्यांना सोसत नसे. जड गाडी चढावर अडली आणि मोटार जागीच जोर लावत राहिली, तर ती जळण्याचे भय असे. याउलट, तीन कलांच्या प्रवर्तन मोटारीत फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज पोचवावीच लागत नाही. भोवतीचे चुंबकीय क्षेत्र फिरते आणि आतील भाग त्याचा पाठलाग करीत फिरतो. झिजणारे असे बेअरिंगाखेरीज फारसे काही नाही. ही मोटार निकोला टेस्ला यांच्या काळापासून, म्हणजे १८८० च्या दशकापासून, ठाऊक होती. पण तिची गती प्रवाहाच्या वारंवारतेला बांधलेली. तारेतील वारंवारता सेकंदाला ५०, आणि गाडीला तर शून्यापासून आरंभ करावयाचा. वारंवारता हवी तशी बदलणारे दणकट इलेक्ट्रॉनिक साधन हाती येईपर्यंत शंभर वर्षे थांबावे लागले. गिरण्यांत, विहिरींवर निष्ठेने राबणारी ही मोटार रेल्वेच्या आसावर यायला म्हणून इतका उशीर झाला. डब्ल्यूएजी-१२बी मध्ये हे काम आयजीबीटी नावाचे अर्धवाहक साधन करते. ते एका सेकंदात शेकडो वेळा प्रवाह जोडते आणि तोडते.

यामुळे पकडीच्या जुन्या दुखण्यावरही उपाय सापडला. चाक घसरू लागताच संगणकाला ते क्षणार्धात कळते आणि तो मोटारीचा जोर तेवढ्यापुरता उतरवतो. शास्त्रज्ञांना असेही आढळले की, चाक किंचित, अगदी मापात, घसरत ठेवले तर पकड उलट उत्तम मिळते. ते मापातले घसरणे सांभाळणे माणसाच्या हाताला शक्य नव्हते. यंत्राला ते शक्य झाले. जोडीला चाकांपुढे वाळू सोडण्याची वाफेच्या काळातील युक्ती अजूनही आहेच. इतक्या सायासांनी १८० टनांचे हे इंजिन गाडी हलवताना सुमारे ७२ टनांचा जोर लावू शकते, म्हणजे आपल्या वजनाच्या दोन-पंचमांश.

दोन अर्धांच्या रचनेचा आणखी एक लाभ आहे. प्रत्येक अर्धात रोहित्र आणि परिवर्तक स्वतंत्र आहेत. एका अर्धात बिघाड झाला तर दुसरा गाडीला निदान पुढच्या स्थानकापर्यंत नेऊ शकतो. एकेरी मार्गावर मधेच बंद पडलेली एक मालगाडी मागच्या सर्व गाड्या अडवून ठेवते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको.

चढ, उतार आणि हिशेब

आकडे रूक्ष वाटतात, पण एक ढोबळ हिशेब केल्यावाचून १२,००० अश्वशक्तीचा अर्थ उमगणार नाही. ६,००० टनांची गाडी घेऊ. २०० फुटांना एक फूट अशा सौम्य चढावर नुसत्या उंचीसाठी ३० टनांचा जोर लागतो. चाकांचा आणि हवेचा विरोध व इंजिनाचे स्वतःचे वजन धरून तो ४३ टनांच्या आसपास जातो. ९,००० किलोवॅट शक्ती असेल तर एवढा जोर लावून ताशी ७० किलोमीटरच्या घरात वेग राखता येतो. शक्ती निम्मी असेल तर तीच गाडी ताशी ४० च्या अलीकडे-पलीकडे रेंगाळते. म्हणजे ओढण्याचे काम ६,००० अश्वशक्तीचे इंजिनही करील. अधिक शक्तीने जे मिळते ते वेग आणि वेळ.

या वेळेला मोल आहे. आपल्या देशात प्रवासी गाड्या आणि मालगाड्या बहुतेक ठिकाणी एकाच रुळावर धावतात. मालगाड्यांचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहत आला. चढावर कुंथत जाणारी एक मालगाडी मागच्या चार गाड्यांना ताटकळत ठेवते. आणि मालगाडीला बाजूला काढून उभी केली तर तिच्यातला माल ताटकळतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतांश माल रेल्वेने जात असे. आज हा वाटा एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. बाकीचा महामार्गांवरील मालमोटारींनी जातो, आणि त्याची किंमत डिझेलमध्ये, धुरात आणि अपघातांत आपण मोजतो.

हाच हिशेब बोरघाटाला लावा. ३७ला १ या चढावर ६,००० टनांच्या गाडीला केवळ उंचीसाठी १६० टनांहून अधिक जोर हवा. आपले आठ आस ७२ टनांशी थांबतात. घाटात आजही गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात ती यामुळेच. सह्याद्रीपुढे १२,००० अश्वशक्तीलाही मान लववावी लागते.

उताराचा हिशेब सुखाचा आहे. गाडी उतरू लागली की मोटारी जनित्रे बनतात आणि वीज तारेत परत जाते. ६,००० टनांची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा १,६०० युनिटांहून अधिक ऊर्जा मोकळी होते. तिचा काही भाग घर्षणात जातो, पण उरलेली वीज दुसऱ्या एखाद्या गाडीला चढावर उपयोगी पडते. एरवी ती सारी ब्रेकच्या ठोकळ्यांत तापून वाया गेली असती.

याच प्रकारचे सामर्थ्य जगात अन्यत्र कसे वापरले जाते याचे एक उदाहरण देतो. उत्तर स्वीडनमधील किरूनाच्या खाणीतील लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात नेण्यासाठी २००० सालापासून आयओआरई नावाची जोडइंजिने वापरली जातात. शक्ती १०,८०० किलोवॅट, वजन ३६० टन, आसावर भार ३० टन. ६८ वाघिणींची ८,६०० टनांची गाडी ती ओढतात. पण तो मार्ग एका खाणीसाठी, एका मालासाठी बांधलेला आहे. आपल्या इंजिनाला राजस्थानचा उन्हाळा, कोकणचा पाऊस आणि बिहारचे धुके यांतून, नाना वजनांच्या गाड्या घेऊन जावे लागते. आसावरील भारही कमी ठेवावा लागतो. दोन्हींची तुलना करताना हे विसरू नये.

आपल्या दाराशी काय चालले आहे तेही पाहावे. केवळ मालगाड्यांसाठी राखलेला पश्चिमेकडील मार्ग उत्तर प्रदेशातील दादरीपासून मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरचा आखलेला आहे आणि तो बडोद्याजवळून जातो. तेथे आसावर २५ टन भार चालतो आणि दीड किलोमीटर लांबीच्या गाड्या उभ्या करण्याइतके फाट्याचे रूळ आहेत. एकावर एक दोन कंटेनर ठेवता यावेत म्हणून तार साडेसात मीटर उंचीवर टांगली आहे. ७ जानेवारी २०२१ रोजी अशी दुमजली, दीड किलोमीटर लांब गाडी विजेच्या इंजिनाने हरियाणातील न्यू अटेलीहून राजस्थानातील न्यू किशनगढकडे नेली. आणि दाहोद येथे, जेथे १९२६ सालापासून वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती होत असे, तेथे मे २०२५ मध्ये ९,००० अश्वशक्तीच्या मालवाहू इंजिनांचा कारखाना सुरू झाला. सीमेन्स कंपनीशी झालेला तो करार १,२०० इंजिनांचा आहे.

माणसाची जागा

यंत्राच्या गुणगानात ते चालवणारा माणूस हरवू नये. जुन्या इंजिनांत चालकाची खोली उन्हाळ्यात भट्टी होई. नव्या इंजिनांत ती वातानुकूलित आहे, आणि तिला कोणी चैन म्हणू नये. सहा हजार टन मागे असताना थांबायला कित्येक शे मीटर लागतात. सिग्नल वाचणारे डोळे आणि निर्णय घेणारे डोके थंड राहणे ही सर्वांच्या सुरक्षिततेची गरज आहे.

एका गोष्टीची मात्र आपल्याला लाज वाटली पाहिजे. भारतात रेल्वे १८५३ साली सुरू झाली. इंजिनात चालकासाठी स्वच्छतागृह बसवण्याचा आरंभ व्हायला २०१६ साल उजाडले. मधल्या १६३ वर्षांत आपण वाफेकडून डिझेलकडे आणि डिझेलकडून विजेकडे गेलो, पण आठ-आठ, दहा-दहा तास खोलीत अडकलेल्या माणसाची ही साधी गरज कोणत्याही आराखड्यात उमटली नाही. मालगाडी तर स्थानकात थांबेलच असेही नाही. दाहोदच्या नव्या इंजिनात ही सोय मुळापासून आहे. जुन्या हजारो इंजिनांत ती बसवण्याचे काम मोठे आहे. सातारच्या सुरेखा यादव यांनी मालगाड्या चालवल्या, २०१० मध्ये त्या घाटचालक झाल्या आणि ८ मार्च २०११ रोजी त्यांनी दख्खनची राणी चालवली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यामागून या व्यवसायात आलेल्या मुलींच्या दृष्टीने ही सोय म्हणजे नोकरी करता येणे किंवा न येणे, इतका गंभीर प्रश्न आहे. इंजिनाची रचना कशी आहे हे सांगताना तिच्यात माणसाला किती जागा दिली, हेही सांगितले पाहिजे.

विद्या कोणाची

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मधेपुऱ्याचे पहिले इंजिन २०१८ साली तयार झाले. चाचण्यांत त्याच्या रचनेतील दोष दिसून आले, तेव्हा बोग्यांसह संपूर्ण रचना नव्याने करावी लागली. १८ मे २०२० रोजी दीनदयाळ उपाध्याय स्थानकातून ११८ वाघिणींची गाडी घेऊन हे इंजिन प्रत्यक्ष सेवेत रुजू झाले. या विलंबावर तेव्हा टीका झाली. मला त्यातील दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. आपल्याकडे दोष ओळखणारे होते, म्हणून तो दोष पकडला गेला. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेतील अभियंत्यांना आपले रूळ, आपले पूल आणि आपली हवा ठाऊक होती. विकत घेतलेल्या यंत्राची पारख करायलाही स्वतःची विद्या लागते.

डब्ल्यूएजी-९ च्या वेळी करारात विद्या हस्तांतराची अट होती, आणि चित्तरंजनने ती विद्या इतकी आत्मसात केली की ती इंजिने पुढे हजारोंच्या संख्येने देशातच घडली. मधेपुऱ्याच्या कारखान्यात ७४ टक्के भांडवल कंपनीचे आणि २६ टक्के रेल्वेचे आहे. देखभालीसाठी सहारनपूर आणि नागपूर येथे आगारे उभारली गेली आहेत. नागपूरच्या आगारात मराठी मुले काम करतात, ही आनंदाची गोष्ट. परंतु या इंजिनाचे खरे मर्म लोखंडात कमी आणि परिवर्तकाला आज्ञा देणाऱ्या संगणकाच्या लिपीत अधिक आहे. ती लिपी वाचता येणारे, सुधारता येणारे हात आपल्याकडे किती तयार होतात, यावर पुढची पन्नास वर्षे ठरतील. नट आवळणारे आणि आज्ञावली लिहिणारे यांच्यात जे अंतर पडते, ते भाषेमुळे आणखी रुंदावते.

या शहराने हे अंतर एकदा बुजवण्याचा प्रयत्न केला होता. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले आणि तेथे तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवण्याचा आग्रह धरला. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ त्या संस्थेच्या प्रमुखपदी होता. कारागिराच्या मुलाला यंत्राचे ज्ञान त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. आपले लोक अशा कामात मागे नसतात. इंग्रजी वॅगनची त्यांनी वाघीण केली, ट्रान्सफॉर्मरचे रोहित्र केले, आणि स्विस बनावटीच्या इंजिनाचा खेकडा केला. यातला रोहित्र शब्द पंडितांनी दिला, वाघीण आणि खेकडा कामगारांनी दिले. भाषेला दोघेही लागतात. जी भाषा यंत्राजवळ जाणे सोडते, तिच्यात हळूहळू आठवणी आणि उत्सव एवढेच उरतात. बाहेर राहिलेल्या मराठी माणसाला हा धोका अधिक, कारण येथे मराठी शाळा कमी झाल्या आणि घरातील मुले शास्त्र इंग्रजीत किंवा गुजरातीत शिकतात. ती शिकोत, त्यात गैर काही नाही. पण आजोबांनी आयुष्यभर हाताळलेल्या यंत्राविषयी नातवाशी मराठीत बोलता येऊ नये, हे मात्र मनाला लागते.

म्हणून शतकमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्तांपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. आपल्या ग्रंथालयात एक कपाट यंत्र आणि तंत्र या विषयांवरील मराठी पुस्तकांसाठी राखावे. प्रारंभी ते अर्धे रिकामे दिसले तरी चालेल. दुसरी सूचना अशी की, रेल्वेच्या विद्युत इंजिन शेडमध्ये, प्रतापनगरच्या कार्यशाळेत, मालधक्क्यावर ज्यांनी नोकरी केली, त्या सभासदांकडून त्यांच्या कामातले शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांमागील हकिकती लिहून घ्याव्यात. हे काम करायला विद्वान लागत नाही. एक वही, आठवड्यातून एक दुपार आणि ऐकून घेणारा एक तरुण पुरे. या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींच्या डोक्यात जे शब्द आहेत, ते कोणत्याही कोशात नाहीत, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मराठी विभागाकडून लागेल ते साह्य करण्याची माझी तयारी आहे, आणि पुढच्या सोमवारपासून दुपारी चार ते सहा मी वाचनकक्षात येऊन बसेन.